राणीचा तिसरा मुलगा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन तुमसर तालुक्यातला आंबागड पाहून आलो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या सुभेदारानं, राजाखान पठाणानं, १७०० च्या सुमारास तो बांधला. घरी आल्यावर मनात घोळत राहिली ती मात्र त्या घराण्यातली सून, राणी रतनकुंवर.

नवरा, राजा चांद सुलतान, वारला आणि वलीशहानं नागपूरची गादी बळकावली. पदरात दोन मुलं, अकबरशहा आणि बुऱ्हाणशहा. राणीनं वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना हाक मारली. १७३९ साली ते आले, वलीशहाला हरवलं, मुलांचं राज्य मुलांना मिळवून दिलं. राणीनं त्यांना पैसा दिला, मुलूख दिला, तिसरा मुलगाच मानलं म्हणतात.

पुढं काय झालं? आपल्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून होतं तेच! सख्ख्या भावांचं पटेना. १७४३ मध्ये बुऱ्हाणशहानं पुन्हा त्याच पाहुण्याला बोलावलं. अकबरशहा परागंदा झाला. बुऱ्हाणशहाकडे राजा हे नाव आणि तनखा तेवढा उरला. कारभार भोसल्यांचा झाला, आपला भंडाराही त्यांच्याकडेच गेला.

पाहुण्याला काय बोल लावायचा? दुसऱ्यांदा दार भावानंच उघडलं ना!

म्हणून सांगते, हातपाय चालताहेत तोवर मुलांना समोर बसवा, वाटण्या कागदावर आणा. लेकीलाही बोलवा, २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा वाटा मुलाइतकाच आहे. चार कडू शब्द होतील, होऊ द्या. घरातले घरात होतील.