चौकटीतला मोन्द्रियान

सोफ्याच्या वर, काचेखाली, जाड काळ्या चौकटीत बसवलेली मोन्द्रियानची छापील प्रतिकृती हल्ली अनेक घरांत दिसते. प्रतिकृती म्हणून तिच्याकडे नाक मुरडावे असे आम्हांस वाटत नाही. रशियन कादंबऱ्या अनुवादांतूनच वाचलेल्या आपण सर्वांनी तर ते मुळीच करू नये. आमचा आक्षेप चौकटीला आहे.

चित्राला कडेकोट बंदिस्त करणारी रूढ चौकट मोन्द्रियानने नाकारली. कॅनव्हास तो मागच्या पट्टीवर पुढे काढून बसवी, जेणेकरून चित्र खिडकीसारखे भिंतीत आत न जाता खोलीत पुढे यावे. पॅरिसमधील ज्या स्टुडिओत तो १९३६ पर्यंत राहिला, तिथे भिंतींवरच रंगीत पुठ्ठ्यांचे आयत लावलेले असत आणि त्यांच्या जागा तो बदलत राही. चित्र कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते, ही सीमाच त्याला पुसायची होती. १९३० च्या लाल-निळ्या-पिवळ्या रचनेतला मोठा लाल चौकोन कॅनव्हासच्या कडेला भिडतो. तो तिथे संपला असे मात्र वाटत नाही. नेमका तिथेच फ्रेमवाला पांढरा माउंट घालतो. चालू वाक्याच्या मध्येच पूर्णविराम द्यावा, तसे हे झाले. (मूळ चित्र जेमतेम दीड फुटाचे, सोफ्याच्या मापाने ते किती फुगवावे, हा आणखी वेगळा विषय.)

प्रतिकृती हवीच असेल तर ती फळीवर चिकटवावी, काच लावू नये आणि भिंतीपासून बोटभर पुढे टांगावी. फ्रेमचा खर्चही वाचेल.