तळं कोण बाटवतं?

गेल्या सप्टेंबरात सांगलीहून आम्ही आठजण चार गाड्यांवर कासला गेलो. कऱ्हाड, सातारा, मग यवतेश्वरचा घाट. घाटातच रांग लागलेली. पुण्याच्या गाड्या, मुंबईच्या, कोल्हापूरच्या. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारसा ठरवलं, तेव्हापासून जो तो वारसदार. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, तिकीट लावलं, ऑनलाइन बुकिंग काढलं. तरी माणसं फुलांत लोळून फोटो काढतातच. तेरडा, गेंद, सीतेची आसवं ही फुलं कातळावरच्या चार बोटं मातीत येतात. बी धरायच्या आत तुडवली की संपली.

पठाराला लागून कास तलाव. साताऱ्याच्या नळाला येतं ते हे पाणी. काठावर पंगती उठलेल्या, कागदी प्लेटा, दारूच्या बाटल्या. एक पठ्ठ्या तर चक्क गाडी धूत होता.

मला दौलताबाद आठवलं. १९३४ साली बाबासाहेब कार्यकर्त्यांबरोबर वेरूळ बघायला निघालेले. पर्यटकच की तेही! किल्ल्याच्या दारातल्या तळ्यावर हातपाय धुतले, तर तळं बाटवलं म्हणून जमाव धावून आला. आत सोडलं ते पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, वर हत्यारी शिपाई पाठीशी. त्याआधी १९०१ साली, याच सातारा जिल्ह्यात, मसूर स्टेशनवर उतरलेल्या आईवेगळ्या पोरांना जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. रात्री पाण्यावाचून डबा तसाच राहिला. त्या पोरांत ते होते. आणि आज शहराच्या पाण्यात बाटली भिरकावणाऱ्याला कुणी म्हणत नाही, तळं बाटलं!

आता शहाणे सांगतात, तिकीट हजार रुपये करा, म्हणजे चांगले लोक येतील. या 'चांगले लोक' शब्दाला मी भितो. कासच्या रस्त्याला हॉटेलं, फार्महाऊस उठली ती काय मोटारसायकलवरच्या पोरांच्या पैशानं? आमच्या चांदोलीत गावंच्या गावं उठवली आणि आता तिथल्या जंगलात पर्यटकांच्या जीपा फिरतात. गर्दी कमी करा, जरूर करा. पण खिसा बघून नको. खाजगी गाड्या खाली साताऱ्यातच अडवा, वर फक्त एसटी सोडा. नंबर आधी लावेल तो आधी. मग मोटारवाला असो की हमाल.

पण आपलंही सांगतो. आमच्यातला एक, गाडीवर जयभीमचं स्टिकर, जयंतीत पुढं नाचणारा. त्यानं गुटख्याची पुडी फुलांत टाकली. पोतं घेऊन कचरा वेचणारी एक बाई म्हणाली, "बाळा, इथं नगं टाकू रं, वाकून कंबर जाती." तर हा म्हणतो, "तुला पगार मिळतो की त्याचा."

च्यायला, हे वाक्य माझ्या आईनं गल्ल्या झाडताना उभा जन्म ऐकलंय. माडीवरून कचरा टाकणाऱ्यांकडून. ते आता आमच्याच पोराच्या तोंडून?

मी त्याला माघारी नेलं, पुडी उचलायला लावली. बाईनं पोतं पुढं केलं, बोलली काहीच नाही. हा रागावून कऱ्हाडपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही.