पेन्शन आहे, मग कार्ड कशाला?

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून साताऱ्याची नाहीतर सांगलीची गाडी पकडताय? मग या वीकेंडला एक छोटा होमवर्क. घरात कुणी सत्तरी गाठली असेल, तर विचारा, 'आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंत का?'

उत्तर बहुतेक ठरलेलं. 'अरे, मला सरकारी पेन्शन मिळते. ते गरिबांसाठी असतं.'

बॉस, घोळ इथंच आहे! २९ ऑक्टोबर २०२४ ला ही योजना सुरू झाली, ती ७० वर्षं पूर्ण केलेल्या सगळ्यांसाठी. उत्पन्नाची अट नाही, पेन्शनची आडकाठी नाही. आधारवरचं वय बघतात. हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, अर्थात योजनेतल्या हॉस्पिटलातच. बीपी-शुगर आधीपासून असली तरी पहिल्या दिवसापासून कव्हर. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून. प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी चालतो, ईएसआय असलं तरीही.

म्हणजे सांगलीच्या रिटायर्ड झेडपी मास्तरांनी पेन्शनमुळे मागं राहायचं कारण नाही.

साताऱ्यातल्या फौजींच्या घरी मात्र जरा थांबा. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. केंद्राच्या पेन्शनरांकडे सीजीएचएस असू शकतं. यांना दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही, जुनी योजना किंवा आयुष्मान, एकच निवडायची. ५ लाखांचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. आयुष्मान मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये रोजची तपासणी होते, महिन्याच्या गोळ्याही मिळतात. बीपी-शुगरवाल्या सुभेदार आजोबांसाठी हा फरक छोटा नाही.

थोडक्यात, पेन्शन किती ते विचारू नका, हातात कुठलं हेल्थ कार्ड आहे ते विचारा. काहीच नसेल, तर आयुष्मान ॲप उघडा, आधार आणि मोबाइल घेऊन शेजारी बसा. ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, टाइप तुम्ही करा. अडलंच तर हेल्पलाइन १४५५५.

'मला काय धाड भरलीय?' हे ऐकावं लागेलच. ऐकून घ्या, पण कार्ड काढा. रिटायरमेंटची एफडी हॉस्पिटलच्या काउंटरवर मोडण्यापेक्षा ते बरं!