नशेला नशेचा उतारा?

अमेरिकेतील डॉक्टर दारू सोडविण्यासाठी भ्रम निर्माण करणाऱ्या आळंबीतील द्रव्य वापरून पाहत आहेत, ही वार्ता आपल्याकडे पोहोचली आणि तिच्याभोवती दोन तट पडले. एक तट म्हणतो, हा निव्वळ अनाचार. नशेला नशेचाच उतारा कसा चालेल? दुसरा म्हणतो, उपदेश, शपथा आणि नवस यांनी जे साधले नाही ते एका गोळीने साधत असेल, तर आडकाठी कशाला? माझे म्हणणे असे, की दोन्ही पक्ष एकाच गैरसमजात आहेत. सारा पराक्रम गोळीचा, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. न्यूयॉर्क विद्यापीठातील मायकेल बोगनशुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मद्यासक्त स्त्रीपुरुषांचे दोन गट केले होते. एका गटास सिलोसायबिन हे आळंबीतील द्रव्य दिले, दुसऱ्यास ॲलर्जीवरील एक साधे औषध. तेही केवळ दोन वेळा. मात्र मानसोपचाराच्या बारा बैठका दोन्ही गटांसाठी होत्या: पहिल्या मात्रेपूर्वी चार, दोन मात्रांच्या मध्ये चार आणि नंतर चार. पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाचे दिवस पहिल्या गटात शंभरात सुमारे १० भरले, दुसऱ्यात सुमारे २४.

हा फरक मोठा आहे. तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु दुसऱ्या गटाकडेही पाहा. त्या मंडळींचे अतिमद्यपानही प्रारंभीच्या मानाने सुमारे निम्म्याने घटले. त्यात स्वतःच्या निर्धाराचा वाटा असेल, आशेचा असेल; पण समोर बसून ऐकणाऱ्या माणसाचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल? शिवाय आपल्याला कोणते औषध मिळाले, हे बहुतेकांनी ओळखले होते. तेव्हा द्रव्याचा गुण किती आणि आशेचा किती, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

यास नशा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, नशा कशाला म्हणावे? स्वतःपासून पळून जाण्यासाठी रोज घेतली जाते, ती नशा. येथे माणूस जाणूनबुजून, पूर्वतयारीने, दोन उपचारकांच्या देखरेखीखाली दिवसभर स्वतःच्या अंतरंगाला सामोरा जातो. या दोहोंना एका मापाने मोजणे अन्याय्य आहे.

चमत्कार म्हणणाऱ्यांना मात्र अधिक कठोर शब्दांत सांगितले पाहिजे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून आमटीत भुकटी मिसळणाऱ्या माउल्या आपण पाहिल्या आहेत. तीच भाबडी आशा आता आळंबीला चिकटू पाहत आहे. ज्यांना किंवा ज्यांच्या निकटच्या आप्तांना तीव्र मनोविकार झाला होता, त्यांना अशा प्रयोगांतून वगळले जाते, कारण धोका खरा आहे. भारतात सिलोसायबिन आणि एलएसडी ही दोन्ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. कुणी डोंगरातून आणून दिलेली आळंबी म्हणजे उपचार नव्हे. तो निव्वळ जुगार आहे.

या बाबतीत बिल विल्सन यांचे चरित्र उद्बोधक आहे. १९३४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रुग्णालयात त्यांना विलक्षण आत्मिक अनुभव आला आणि त्यांची दारू सुटली. पण १९३५ साली ॲक्रन शहरात धंद्यातील पराभवानंतर जुनी ओढ पुन्हा उसळली. त्या क्षणी पूर्वीचा अनुभव पुरेसा पडला नाही. त्यांनी हॉटेलातून एका धर्मगुरूंना फोन केला, दुसरा एखादा मद्यपी बोलायला मिळेल का, म्हणून. त्या फोनमुळे डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ जन्मली. पुढे याच विल्सन यांनी १९५६ साली वैद्यकीय देखरेखीखाली एलएसडी घेऊन पाहिले, आणि श्रद्धेची दारे बंद असलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा, असे त्यांना वाटले. तथापि त्यांची चळवळ आजवर टिकली ती त्या द्रव्यावर नव्हे. एका दुखावलेल्या माणसाने दुसऱ्याचे ऐकावे, या साध्या रिवाजावर ती टिकली.

आता प्रश्न आपल्याकडे वळतो. ए.ए.च्या सभेसाठी आवारातील एक खोली दिली की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. सभेतून घरी परतलेल्या माणसाच्या शेजारी बसायला कुणाला सवड आहे? उलट पुढच्याच लग्नात 'आज एकच घे' म्हणून त्याच्या हाती पेला देणारे आपणच असतो. मांडवात दारू नसेल तर यजमानाला कंजूष ठरविणारेही आपणच!

संशोधन चालू राहावे. उद्या त्यातून सुरक्षित औषध निघाले आणि कायद्याने संमत केले, तर त्याचे स्वागत करावे. परंतु ज्या बारा बैठकांवाचून त्या प्रयोगात कुणालाही मात्रा मिळाली नाही, त्यांच्यामागचे ऐकण्याचे व्रत आचरण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. प्रशिक्षित समुपदेशकाची जागा आपण घेऊ शकत नाही, हे खरे. पण त्याच्या दारापर्यंत सोबत जाणे आणि परतताना वाटेवर उभे राहणे आपल्या हातात आहे. ते करण्याऐवजी गोळीची वाट पाहत बसणे, हेही एक व्यसनच होय.