अकराव्या गड्याचे गणित
- विशेष प्रतिनिधी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात सुरू झाला, तेव्हा पहिली जवळपास दहा मिनिटे चेंडू नोटर डेम विद्यापीठाकडेच होता. त्यांचा क्वार्टरबॅक रायली लेनर्ड चेंडू फेकण्यापेक्षा तो छातीशी धरून स्वतःच गर्दीत घुसत होता. कधी दोन यार्ड, कधी चार, कधी सहा. अठरा डावांत ७५ यार्ड कापून अखेर लेनर्डनेच टचडाउन केला. ओहायो स्टेटच्या बचावफळीची अशी दमछाक पाहून अनेकांना सामन्याचा निकाल इथेच लागतो की काय, असे वाटले असेल. प्रत्यक्षात ओहायो स्टेटने आपल्या पहिल्या चारही संधींवर टचडाउन केले आणि ३४-२३ असा विजय मिळवला. सामना संपला तेव्हा १७ वेळा चेंडू घेऊन पळालेल्या लेनर्डच्या नावावर अवघे ४० यार्ड होते.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकला रोखायचे कसे, हा कॉलेज फुटबॉलमधील गेल्या दोन दशकांचा सर्वांत छळणारा प्रश्न आहे. कोलंबस किंवा ऑस्टिनला शिकायला गेलेल्या मुलामुलींकडून शनिवारच्या सामन्यांची वर्णने ऐकणाऱ्या मराठी घरांनाही हा खेळ आता अगदीच परका राहिलेला नाही. मात्र त्यातील खरी झुंज अंगबळाची आहे, हा समज अपुरा आहे. मुळात ती आकडेमोडीची झुंज आहे.

दोन्ही संघांचे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, हा नियम. पारंपरिक पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू मागच्या रनिंग बॅकच्या हाती देतो आणि स्वतः बाजूला होतो. म्हणजे त्या क्षणी आक्रमणाकडे एक पळणारा आणि वाट मोकळी करून देणारे नऊच गडी उरतात. बचाव करणारे मात्र अकराही जण खेळात असतात. क्वार्टरबॅक स्वतः पळू लागला की बचावाची ही जमेची बाजू नाहीशी होते.

'स्प्रेड' पद्धतीने या आकडेमोडीला मैदानाच्या रुंदीची जोड दिली. मैदान सुमारे ५३ यार्ड रुंद. चेंडू झेलणारे तीन-चार गडी दोन्ही कडांना पसरून उभे केले की त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी बचावपटूंनाही पसरावे लागते आणि मधली गर्दी विरळ होते. १९९० च्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात प्रशिक्षक असलेल्या रिच रॉड्रिग्ज यांनी यातूनच 'झोन रीड' हा डाव घडवला. पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पॅट व्हाइट या चपळ क्वार्टरबॅकच्या साथीने त्यांनी तो देशभर गाजवला.

डाव दिसायला साधा आहे. आक्रमणाची पुढची फळी एका दिशेने सरकते आणि विरुद्ध टोकाच्या बचावपटूला, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम कोणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो आणि त्या मोकळ्या सोडलेल्या गड्यावर नजर ठेवतो. तो रनिंग बॅकच्या मागे धावला, तर चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून पळायचे. तो जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला देऊन टाकायचा. बचावपटूने काहीही केले तरी तो चुकीचाच ठरतो! त्याला कोणी हातही लावलेला नसतो, तरी तो डावातून बाद झालेला असतो.

यावर बचावाचे पहिले प्रसिद्ध उत्तर म्हणजे 'स्क्रेप एक्स्चेंज'. यात एंड मुद्दाम आत, रनिंग बॅकच्या मागे धावतो. क्वार्टरबॅकला वाटते, बाहेरची वाट मोकळी झाली. पण मागून एक लाइनबॅकर वळसा घेऊन नेमका तिथेच येऊन उभा असतो. क्वार्टरबॅकने पाहिलेले चित्र खरे असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. अर्थात आक्रमणानेही यावर तोड काढली. एक जादा गडी एंडला वळसा घालून त्या लाइनबॅकरवरच पाठवायचा. किंवा तो लाइनबॅकर जागा सोडून पुढे येताच त्याच्या पाठीमागे झटपट चेंडू फेकायचा. कॉलेजच्या नियमांनुसार चेंडू फेकला जाण्यापूर्वी पुढच्या फळीतील गडी तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात. व्यावसायिक लीगमध्ये ही सवलत एका यार्डाचीच आहे. त्यामुळे हा डाव पळण्याचा की फेकण्याचा, हे कॉलेजमधील बचावपटूला समोरच्या फळीकडे पाहून चटकन ओळखता येत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे मागच्या सेफ्टीला पुढे आणून संख्येची तूट भरून काढणे. पण मग कडेच्या झेलपटूंसमोर एकेकच रक्षक उरतो आणि तो चुकला तर मागे सावरायला कोणी नसते. तिसरे उत्तर 'स्पाय'चे. एका गड्याने बाकी सर्व सोडून क्वार्टरबॅकवर पाळत ठेवायची. पण पाळत ठेवणारा क्वार्टरबॅकइतकाच वेगवान हवा आणि तसा गडी सहसा हाताशी नसतो. शिवाय त्या कामाला एक माणूस कायमचा गुंतला, की क्वार्टरबॅकवर चाल करणारा किंवा झेलपटूंवर नजर ठेवणारा एक जण कमी होतो.

अडचण खऱ्या अर्थाने वाढते ती ठरवून पळणाऱ्या क्वार्टरबॅकपेक्षा ऐन वेळी पळणाऱ्यामुळे. झेलपटूंना माणूस-माणूस पद्धतीने धरले, तर रक्षकांची पाठ क्वार्टरबॅककडे असते. तो निसटला तरी त्यांना पत्ता लागत नाही. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी लुइझियाना स्टेटच्या जेडन डॅनियल्सने फ्लॉरिडाविरुद्ध धावून २३४ आणि चेंडू फेकून ३७२ यार्ड मिळवले, त्या वर्षी हाइझमन करंडकही पटकावला. अशा गड्यासमोर बेभान चाल करून जाणारे वीर उपयोगी पडत नाहीत. प्रत्येकाने आपापली गल्ली न सोडता, चालीचा वेग थोडा आवरून पुढे सरकावे लागते. आपल्याकडे कबड्डीत साखळीतला एक हात आधी सुटला की चढाईपटू निसटतो, तसाच हा प्रकार.

मग ओहायो स्टेटने अटलांटात काय साधले? त्या रात्री लेनर्डचे प्रत्येक पाऊल त्याच्या अंगावर वसूल होत होते. पहिल्या हल्ल्यानंतर तो स्वतःच थकलेला दिसला. बचावाने दोन-तीन यार्ड दिले, पण मोठी मुसंडी मारू दिली नाही. दुसरीकडे त्यांच्या आक्रमणाने गुण जमवत ३१-७ अशी आघाडी घेतली आणि हळूहळू चालणारा खेळ नोटर डेमला परवडेनासा झाला. पिछाडीवरच्या संघाला पळण्यापेक्षा फेकावेच लागते. पळणाऱ्या क्वार्टरबॅकला रोखण्याचा एक मोठा वाटा असा आपल्याच आक्रमणाच्या हाती असतो.

याची उलट बाजूही आहे. जानेवारी २०१७ च्या अंतिम सामन्यात क्लेम्सनने अलाबामाविरुद्ध तब्बल ९९ डाव खेळले. १४-० अशा पिछाडीवर पडूनही डेशॉन वॉटसनने हार मानली नाही आणि एक सेकंद उरला असताना ३५-३१ असा विजय खेचून आणला. नामांकित बचावफळीचेही पाय शेवटी थकतातच. व्हिन्स यंगने जानेवारी २००६ मध्ये टेक्सासला ४१-३८ असे जिंकून दिले, तो निर्णायक टचडाउनही चौथ्या प्रयत्नात, १९ सेकंद शिल्लक असताना, त्याच्या पायांनीच झाला होता.

या साऱ्या डावपेचांच्या तळाशी एक अप्रिय सत्य दडलेले आहे. पळणाऱ्या क्वार्टरबॅकला रोखण्याचा सर्वांत जुना मंत्र आहे, चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, नियमात बसेल तितके त्याला दर वेळी आदळायचे. १ डिसेंबर २००७ रोजी अंगठ्याच्या दुखापतीने पॅट व्हाइटला बराच काळ मैदानाबाहेर बसावे लागले आणि दुसऱ्या क्रमांकावरचा वेस्ट व्हर्जिनिया संघ पिट्सबर्गकडून १३-९ असा हरला. अजिंक्यपदाचे दार त्या एका रात्री बंद झाले. पळणारा क्वार्टरबॅक हीच संघाची ताकद असते आणि तोच त्याचा सर्वांत नाजूक दुवाही असतो.

नियमांनी त्याला काही संरक्षण दिले आहे. तो पाय पुढे करून घसरला की त्याला आदळता येत नाही. पण डिसेंबर २०२१ मध्ये पिट्सबर्गच्याच केनी पिकेटने घसरण्याचे नुसते सोंग केले, बचावपटू थबकले आणि त्याने ५८ यार्डांचा टचडाउन केला. काही दिवसांतच असे सोंग नियमबाह्य ठरवण्यात आले. संरक्षणाचा वापर शस्त्रासारखा होऊ लागला, तर बचावपटू पुढच्या वेळी थांबणार नाहीत, हे त्यामागचे साधे शहाणपण होते.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्यता दिलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. ज्याच्यावर मोठी रक्कम लावली, त्याच क्वार्टरबॅकला पंधरा-वीस वेळा गर्दीत झोकून द्यायचे का, हा हिशेब आता प्रशिक्षकांनाही करावा लागेल. कदाचित एखाद्या नव्या बचावपद्धतीपेक्षा तोच या पळापळीला अधिक लगाम घालेल. तोवर मात्र बचावफळीपुढे एकच मार्ग उरतो: कोणते यार्ड द्यायचे, हे आपण ठरवायचे आणि त्यांची पुरेपूर किंमत वसूल करायची.