रोजचा एक तास

१४ एप्रिल आला की ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ग्रंथालयात, वसतिगृहात, विहारात मुले-मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत चांगलीच आहे. पण १५ एप्रिलला काय? बहुतेकांची पुस्तके पुन्हा फळीवर जातात. मी पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. रोज एक तास म्हटला तरी वर्षाचे ३६५ तास होतात, म्हणजे अठरा तासांच्या वीस बैठका! एक दिवस बसायला उत्साह पुरतो. वर्षभर बसायला शिस्त लागते.

ती टिकली नाही की दोष आपण पोराच्या माथी मारतो. याचे मनच लागत नाही, मोबाइल सुटत नाही, म्हणतो. खरे आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, त्यात बाप झोकांड्या खात आला, तर त्या पोराने मन लावायचे कोठे?

बाबासाहेबांचे घरही मोठे नव्हते. परळच्या डबक चाळीत एक खोली. तिच्यातच चूल, भांडीकुंडी, धूर, माणसे. सुभेदार रामजींनी त्यावर उपाय काढला. भीमरावांना ते लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि त्यांना उठवून मग आपण पाठ टेकत. सारी चाळ निजलेली असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास होई. पुस्तकाला पैसे नसले तर रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत, पेन्शन मिळाली की सोडवून देत. अशा घरातून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. जयंतीच्या भाषणात हे आपण बाबासाहेबांचा मोठेपणा म्हणून ऐकतो. आईबापांनी ते रामजींचे काम म्हणूनही ऐकावे. मुलाच्या आधी घराला शिस्त लागली होती.

आणि मन खंबीर करणे म्हणजे दगड होणे नव्हे. १९१७ साली बडोद्यात, अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांना जातीपायी पारशी विश्रामगृहातून काठ्या दाखवून बाहेर काढले. राहायला कोणी जागा देईना. त्या दिवशी ते रडले. पण लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास त्यांनी सोडला नाही. मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात नोकरी धरली, पगारातून पैसे मागे टाकले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले व १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी. एस्सी. झाले. इकडे परळला रमाईने संसार कसा रेटला असेल, हे आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको.

पाचवे शील आपण रोज म्हणतो आणि त्याचा अर्थ 'दारू पिऊ नये' एवढ्यावर थांबवतो. त्यातच 'पमाद' हा शब्द आहे. पमाद म्हणजे गाफीलपणा. माणूस गाफील होतो म्हणून मद्य वर्ज्य. धम्मपदाचा दुसरा वग्ग सगळाच्या सगळा अप्पमादावर आहे. दारूला न शिवणारा, पण रात्री बारापर्यंत मोबाइलवर बोट फिरवत पडलेला बाप या शीलात कोठे बसतो, ते त्याचे त्याने पाहावे.

घरात जागा नसेल तर विहार कशासाठी आहे? आमच्या वस्तीतल्या विहारात रात्री आठ ते दहा अभ्यासिका चालते. मोबाइल दाराशी पिशवीत ठेवायचे आणि रोज एका पालकाने पाळीने बसायचे. सुरुवातीला पुरुष मंडळींनी बऱ्याच दांड्या मारल्या. गुरुवारची पाळी धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंची आहे. त्यांना वाचता येत नाही. मुले वाचतात, त्या कोपऱ्यात भाजी निवडत बसतात. त्यांची पाळी अजून एकदाही चुकलेली नाही. त्यांचा मुलगा दहावीला दोन विषयांत राहिला आहे. दिवसा गॅरेजात काम करून तो रोज येतो. गणित अजून जड जाते, पण येतो. सध्या मुले सतरा आणि चटया दहा आहेत. कोणाकडे जास्तीची असेल तर विहारात आणून द्यावी, आणि शनिवारची पाळी रिकामी आहे.