रिकाम्या वीस मिनिटांचे काय?

ऑनलाइन गेमिंगचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाला आणि तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: रमी आणि फँटसी अ‍ॅपच्या जाहिराती गेल्या, चॅनेलचा खर्च भागवायचा कसा? जाहिराती गेल्या याचे आम्हाला दुःख नाही. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची शाळकरी प्रेक्षकांपुढे भलामण करणे हा आपल्या व्यवसायावरचा डाग होता. त्यासाठी आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे बरेच झाले. संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पन्नास रुपये एंट्री घेऊन कस्टम रूम भरवणारा आणि जमलेल्या पैशांतून विजेत्या स्क्वॉडला बक्षीस देणारा लहान चॅनेलवाला या कायद्याच्या व्याख्येत रमीच्या बड्या अ‍ॅपशेजारी जाऊन बसतो. ई-स्पोर्ट म्हणून सुटायचे तर राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता हवी आणि वर प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. शनिवारी रात्री पंचवीस स्क्वॉड जमवणाऱ्याने ही मान्यता आणायची कुठून? व्याख्या लिहिणाऱ्यांनी लहान आयोजकाचा विचारच केलेला नाही. अशा स्पर्धांना साधी, विनाशुल्क नोंदणी मिळालीच पाहिजे. तोवर मात्र पेड रूम बंद ठेवा.

पण पेड रूम बंद झाल्यावर जे उघडे पडले, त्याचा दोष सरकारला देता येणार नाही. प्रेक्षक थांबत होता तो रूमच्या आयडी-पासवर्डसाठी. आपल्या बोलण्याशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते. बीजीएमआयमधला एरँगेलवरचा सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. आठ बाय आठ किलोमीटरचा नकाशा आणि शंभर खेळाडू असल्यावर बराचसा वेळ लूट, धावपळ आणि दबा धरून बसण्यातच जातो. प्रत्यक्ष चकमकींना मिळतात मोजकी मिनिटे. उरलेल्या वीसेक मिनिटांत आपले बहुतेक समालोचक पडद्यावर दिसते तेच बोलून दाखवतात: गाडी घेतली, घरात शिरलो, स्कोप मिळाला. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन करणाऱ्या पुण्याच्या बाळ ज. पंडितांना चेंडू कुठे पडला हे सांगावेच लागे, कारण श्रोत्याला मैदान दिसत नव्हते. आपल्या प्रेक्षकाला सगळे दिसते. त्याला दिसत नाही ते खेळणाऱ्याच्या डोक्यातले: पोचिंकीत उतरायचे का टाळले, झोन सरकल्यावर पूल ओलांडायचा की होडी शोधायची, समोरचा स्क्वॉड टप्प्यात असूनही गोळी का राखली. हे निर्णय सांगितले, तर त्याच रिकाम्या मिनिटांत उत्कंठा भरते. आंबेगाव-खेडच्या घाटात बैलगाड्याची बारी काही सेकंदांत संपते. तरी दिवसभर गर्दी हलत नाही, कारण दोन बाऱ्यांमधल्या वेळात निवेदक गाडामालक, गाव आणि बैलांची ओळख करून देतो आणि पुढच्या बारीची ओढ लावतो.

म्हणून आखणी रेकॉर्डिंगच्या आधी सुरू व्हायला हवी. या सामन्यात कोणता प्रश्न सोडवायचा हे एका वाक्यात लिहा: एकट्याने, गाडी न वापरता, शेवटच्या दहांत पोहोचता येते का? मग खेळा. नंतर आवाज बंद करून सामना पुन्हा पाहा आणि जिथे पुढचे सगळे ठरले, अशा तीन-चार जागा टिपून ठेवा. बाकीची लूट निर्दयपणे कापा. मधल्या जाहिरातींसाठी आठ मिनिटे भरायची म्हणून ताणलेला व्हिडिओ प्रेक्षक दुसऱ्या मिनिटालाच ओळखतो. थंबनेलवर दिलेला शब्द पहिल्या अर्ध्या मिनिटात समोर आला पाहिजे. चूक झाली असेल तर तिची चाहूल मरण्याच्या आधी द्या, म्हणजे प्रेक्षक ती शोधत बसेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आखले की उत्स्फूर्तपणा मरतो. कुस्तीच्या मैदानावरचा कसलेला निवेदक ऐका. दोन्ही मल्लांची तालीम, वस्ताद, आवडता डाव त्याला आधीच ठाऊक असतो. म्हणूनच दोघे खडाखडी करीत थांबले तरी तो अडखळत नाही, आणि डाव पडताच त्याच्या तोंडून निघणारी आरोळी खरी वाटते. दुसरा आक्षेप भाषेचा. मराठीला व्ह्यूज नाहीत, असे सांगत अनेक जण मोडक्या हिंदीत बोलतात आणि हिंदीच्या गर्दीत हरवतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी आहेत. झोन, क्लच, रोटेशन हे शब्द खुशाल तसेच ठेवा. मराठी हवी ती वाक्यात, म्हणजे क्रियापदात आणि चढउतारात. ‘पायचीत’ आणि ‘धावचीत’ हे शब्दही रोज कानावर पडूनच रुळले.

आणि नेहमीच्या बीजीएमआयमधून जरा बाहेर पडा! ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणला. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णूंचे निवेदन, छायाबाहुल्यांच्या ढंगाची दृश्ये; मराठी समालोचकाला याहून अधिक काय हवे? पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ पासून मोबाइलवर आहे. या दोनपैकी एका गेमवर व्हिडिओ आखा आणि ती आखणी आम्हाला पाठवा. व्हिडिओची लिंक नको, सबस्क्रायबरचा आकडाही नको. प्रश्न, निवडलेल्या जागा आणि प्रत्येक जागी काय बोलणार ती वाक्ये एवढे एका पानावर असू द्या. चांगली पाने पुढच्या अंकात छापू, आणि त्यांतले काय कापले असते तेही शेजारी लिहू.